पहिल्यांदा की पुन्हा? केस पेपरवर राहून जाणारी ओळ

(मराठवाड्यातले वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि समुपदेशक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज मी औषधांवर बोलणार नाही, नैराश्याची नोंद लिहिण्यावर बोलणार आहे.

ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असते. तेवढ्यात उदास, न झोपणारा, रडणारा रुग्ण समोर येतो. आपण गोळ्या लिहितो आणि कोडच्या रकान्यात एफ 32.9 टाकतो. म्हणजे नैराश्य आहे, बाकी काही नोंदवलेलं नाही. चुकीचं म्हणता येत नाही, पण पुढच्या डॉक्टरच्या हातात त्यातून काहीच पडत नाही.

हे कोड आयसीडी-10 मधले, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतले. त्यात एफ 32 हा नैराश्याच्या एकाच एपिसोडसाठी, म्हणजे आजाराच्या एकाच खेपेसाठी आहे. आधी किमान एक एपिसोड होऊन गेला असेल, तो दोन आठवडे तरी टिकला असेल आणि मधले काही महिने माणूस बरा राहिला असेल, तर कोड एफ 33 होतो. एफ 33.2 म्हणजे सध्याचा एपिसोड तीव्र, पण भास-भ्रम नाहीत. ते असतील तर एफ 33.3. आयसीडी-11 या नव्या आवृत्तीत हेच 6ए71.3 आणि 6ए71.4 झालं आहे.

याचा उपचाराशी थेट संबंध आहे. पहिल्या एपिसोडनंतर बरं वाटू लागल्यावर आपण साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवतो. तीव्र आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. पुन्हा आलेला आजार पहिला म्हणून लिहिला गेला, की गोळ्या लवकर बंद होतात आणि रुग्ण आणखी एकदा खाली जातो.

आपल्या भागात हे जास्त का घडतं? बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दसऱ्यानंतर कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकात जातो, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर परततो. आजार तिकडे येतो, गोळ्या तिकडच्या, कागद तिकडेच राहतो. राज्यातली जुनी चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे आपल्या रुग्णाचा इतिहास कुठल्याच एका फायलीत सापडत नाही. तो विचारूनच काढावा लागतो.

विचारायचं कसं, हे मी थोडं सविस्तर सांगतो. 'यापूर्वी डिप्रेशन होतं का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं. 'असं करमेना, जेवण नको, कामाला हात उठेना, असं आधी कधी झालं होतं का?' असं विचारा. मग काळ पकडा. सन कुणाला आठवत नाही. रेल्वेने लातूरला पाणी आलं त्याच्या आधी की नंतर? ते 2016 होतं. वयस्क माणूस असेल तर किल्लारीचा भूकंप, म्हणजे 30 सप्टेंबर 1993. बाईला विचारा, तेव्हा कुठलं लेकरू अंगावर होतं? सोबत आलेल्या सासूला किंवा भावालाही विचारा. आणि एक प्रश्न कधीच सोडू नका: मध्ये कधी झोप न घेताही अंगात जोर, बोलणं वाढलेलं, पैसा उधळणं, असं आठवडाभर झालं होतं का? उत्तर 'हो' आलं, तर एफ 33 पुसून एफ 31, म्हणजे बायपोलरचा (कधी नैराश्य, कधी असा उन्माद) विचार करायचा. अशा रुग्णाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो.

आता नोंद कशी दिसावी? समजा, अशी: 'स्त्री, 41. पाच आठवड्यांपासून रोज उदास, कशात रस नाही, अंग गळालेलं. पहाटे तीनला जाग. जेवण निम्मं. लेकरांचं वाटोळं मी केलं म्हणते. स्वयंपाकही होत नाही. मरणाचे विचार आहेत, बेत नाही. भास-भ्रम विचारले, नाहीत. उन्माद विचारला, नाही. 2016 मध्ये असाच आजार, तीन महिने, सांगलीला खासगी उपचार, पूर्ण बरी. एफ 33.2.' एवढं लिहायला फार वेळ लागत नाही. यात तीनही मुख्य लक्षणं आहेत आणि इतरांपैकी चार, तीव्र ठरायला तेवढी लागतातच. 'विचारले, नाहीत' हे शब्द मुद्दाम लिहा. कोरी जागा पाहून पुढच्या डॉक्टरला कळत नाही, की लक्षण नव्हतं की कुणी विचारलंच नव्हतं.

भ्रमाबद्दलही सांगतो. 'माझ्या पापामुळे गावात पाऊस पडत नाही' असं कुणी ठामपणे सांगत असेल, तर ते दुष्काळाचं दुःख समजून पुढे जाऊ नका. तो एफ 33.3 असू शकतो. तिथे नैराश्याच्या गोळीबरोबर भ्रमावरचं औषध लागतं, कधी ईसीटीही, म्हणजे भूल देऊन केलेला विजेच्या सौम्य झटक्याचा उपचार.

सगळ्यात जास्त तळमळ मला मेडिसिन वॉर्डाची वाटते. कीटकनाशक प्यालेला रुग्ण वाचतो, ही मोठी गोष्ट आहे. डिस्चार्ज कार्डावर विषाचा कोड टी 60 येतो, एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची नोंद होते. पण तो कशामुळे प्याला, ही ओळ बहुतेक वेळा नसतेच. कर्ज होतं, हे गाव सांगतं. कर्जाबरोबर नैराश्यही होतं का, ते आपण तपासायचं असतं. नातेवाईक पोलिसांना भिऊन गप्प बसतात. त्यांना सांगा, मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं.

काही सहकारी दयेपोटी निदान लिहीत नाहीत. 'पोरीचं सासर आहे, कागद फिरेल' म्हणून 'अशक्तपणा' लिहितात. ही भीती खोटी नाही. पण उपाय कागद खोटा करणं हा नव्हे, कागद सांभाळणं हा आहे. याच कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे आणि स्वतःची नोंद मिळण्याचाही. केस पेपरच्या खिडकीवर निदान मोठ्याने वाचलं जाऊ नये, हे बघणं आपल्याच हातात आहे.

रुग्ण बरा झाला म्हणून एफ 33 खोडू नका, एफ 33.4 लिहा: सध्या लक्षणमुक्त. आणि दसऱ्याच्या आधी, ऊसतोडीची टोळी निघण्यापूर्वी, त्याच्या हातात एक प्रत द्या: आधी कधी आजार झाला, कुठल्या गोळीने फरक पडला, ती कधीपर्यंत घ्यायची. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहा, तिथे मराठीत बोलता येतं.