खरा जीव्ज

पी. जी. वुडहाउस, इंग्रजीतले विनोदी लेखक, ते वाचणारे हात वर करा बघू. निम्मा हॉल! मग जीव्ज तुम्हाला माहितीच आहे, त्यांच्या गोष्टींतल्या बर्टी वूस्टर या श्रीमंत तरुणाचा तो अतिशहाणा नोकर. मी बोलणार आहे ते खऱ्या जीव्जबद्दल, पर्सी जीव्ज, इंग्लंडमधल्या वॉरविकशायर काउंटीच्या क्रिकेट टीमचा ऑलराउंडर, फास्ट-मीडियम टाकायचा आणि खाली येऊन दणके पण द्यायचा.

पोरगा यॉर्कशायरचा, जन्म १८८८ चा. यॉर्कशायरनं ट्रायल घेऊन सोडून दिलं, मग हॉज म्हणून डोंगरातलं एक गाव आहे तिथल्या क्लबकडून पगारी खेळत होता. १९१० मध्ये वॉरविकशायरचे सेक्रेटरी रायडर तिकडे सुट्टीत पायी भटकायला गेलेले, सहज मॅच बघत थांबले आणि याची अ‍ॅक्शन बघून हा आपल्याला पाहिजेच असं मनाशी ठरवून टाकलं.

पण गंमत पुढे आहे. तेव्हा नियम असा की तुमचा जन्म ज्या काउंटीतला नाही तिच्याकडून खेळायचं तर आधी दोन वर्षं तिथे राहून दाखवा. म्हणजे ऐन उमेदीतला बोलर, बर्मिंगहॅमला बसलाय आणि काउंट्यांच्या आपसातल्या चॅम्पियनशिपची एक मॅच खेळता येत नाही! १९१२ मध्ये नुसत्या दोन मॅचेस, ऑस्ट्रेलिया आणि साउथ आफ्रिका आले होते त्यांच्याविरुद्ध. चिडचिड झाली असणार हो, आपली झाली असती.

१९१३ ला मोकळा सुटला आणि पहिल्याच पूर्ण सीझनला १०६ विकेट्स, वर ७६५ रन्स. पुढच्या वर्षी जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स मॅचला निवड. जंटलमेन म्हणजे हौशी साहेबलोक, प्लेअर्स म्हणजे पगारी, मैदान एकच पण स्कोअरकार्डवर नाव छापायची पद्धतसुद्धा वेगळी. आपले त्या काळचे दलित बोलर पालवणकर बाळू, त्यांना पुण्यात चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा, तिथे जात आडवी आली, इथे पगार. असो. त्या मॅचनंतर इंग्लंडचे माजी कॅप्टन प्लम वॉर्नर म्हणाले, हा पोरगा पुढे इंग्लंडकडून खेळणार.

आणि त्याच ऑगस्टात पहिलं महायुद्ध. पर्सी रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटमध्ये भरती झाला, २२ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोम नदीकाठच्या लढाईत हाय वुड नावाच्या जंगलापाशी मारला गेला. वय २८. बॉडी सापडलीच नाही, तिथल्याच थिपव्हाल गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे तेवढं. हिशोब काय, तर ५० मॅचेस, १९९ विकेट्स, अ‍ॅव्हरेज जेमतेम २० च्या वर. एक विकेट कमी पडली राव.

आता नावाचं. १९१३ मध्ये चेल्टनहॅमला वुडहाउस मॅच बघायला बसले होते, याची बोलिंग त्यांच्या डोक्यात राहिली. हे कळलं कधी, तर १९६७ मध्ये, पन्नासेक वर्षांनी, त्याच रायडरसाहेबांच्या मुलानं पत्र पाठवून विचारलं तेव्हा. वुडहाउसनी उत्तरात लिहिलं की न्यूयॉर्कमध्ये गोष्टी लिहायला घेतल्या तेव्हा हेच नाव हवं होतं, आणि साल सांगितलं १९१६. म्हातारपणी चुकलं थोडं. पहिली गोष्ट १९१५ मध्येच छापून आली होती, पर्सी तेव्हा फौजेत, आणि त्या गोष्टीत नोकर जीव्जच्या तोंडी मोजून दोन वाक्यं.