किंग्स्टनचा खुळखुळा

श्रोतेहो, नमस्कार.

पाण्याची एक रिकामी बाटली घ्या. आत मूठभर चिंचोके टाका, झाकण लावा. झाला खुळखुळा. आज ज्या कामाबद्दल बोलणार आहे, त्याची सुरुवात अशाच सामानाने झाली.

गोष्ट जमैकातली. १९८६-८७ साली किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली १२९ मुलं निवडली गेली. वय नऊ महिने ते दोन वर्षं, आणि वयाच्या मानाने सगळी खुरटलेली. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या ब्रिटिश डॉक्टर आणि वेस्ट इंडीज विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी या मुलांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला किलोभर दुधाचा पूरक आहार, दुसऱ्याला खेळ, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यातलं काहीच नाही.

खेळ म्हणजे काय? आठवड्यातून एकदा वस्तीतली आरोग्यसेविका तासभर घरी यायची. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. पिशवीत टाकाऊतून केलेली खेळणी. मागच्या खेपेची परत घ्यायची, नवी ठेवून जायची. पण ती स्वतः बाळाशी खेळून निघून गेली, तर काम फसलं. आईला जमिनीवर बसवून तिला खेळायला लावायचं, हे खरं काम. ‘एवढ्याशा पोराशी काय बोलायचं?’ हा प्रश्न तर आपल्याकडेही घरोघरी ऐकू येतो. त्यावर तिचं उत्तर असं की आंघोळ घालताना, भांडी घासताना बोला. हा पेला, ही वाटी. वाटी पेल्यात जाते का बघू!

हे चाललं दोन वर्षं. आहार आणि खेळ, दोन्हींचा गुण तेव्हा दिसला. पण वीस वर्षांनी संशोधकांनी हीच मुलं पुन्हा शोधली. काही परदेशी गेली होती, त्यांनाही गाठलं. १०५ जण सापडले. ज्यांच्या घरी खेळ पोचला होता, त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा असा फरक कमाईत उरला नव्हता. दुधाला नावं ठेवायची नाहीत. उपाशी पोर खेळणार कसं? पण आपण अंगणवाडीला अजून ‘खाऊची शाळा’ म्हणतो, ते मला खटकतं ते यामुळेच.

२०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखकांत शिकागो विद्यापीठातले, अर्थशास्त्राचे नोबेल विजेते जेम्स हेकमनही होते. पण मूळ विद्या शिकागोची नव्हे, किंग्स्टनच्या त्या सेविकांची. देणगीदार संस्थांना साधारण तीन वर्षांत आकडे हवे असतात. मूल काही तीन वर्षांत कमावतं होत नाही. इतका लांबचा धीर धरणारा पैसा विरळाच.

पुढे ‘ग्रँड चॅलेंजेस कॅनडा’ या निधी देणाऱ्या संस्थेच्या मदतीने या कामाचा ‘रीच अप’ नावाचा संच तयार झाला: खेळण्यांची कृती, भेटीचा क्रम, सेविकांचं प्रशिक्षण. बांगलादेशात, पेरूत ही पद्धत गेली. आपल्याकडे ओडिशात आली. कटकच्या ५४ झोपडवस्त्यांत ‘प्रथम’ ही संस्था आणि लंडनची इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज ही संशोधन संस्था यांनी वस्तीतल्याच बायकांना शिकवून दीड वर्ष घरभेटी केल्या. मुलांची समज वाढलेली दिसली. मग ओडिशातल्याच १९२ खेड्यांत एक व्यवहारी प्रश्न तपासला. घरोघर जाण्याऐवजी आयांना एकत्र बसवलं तर? फायदा जवळपास तेवढाच, खर्च मात्र बराच कमी. माझ्या मते, आपल्या जिल्हा परिषदांना उचलण्याजोगी बाब हीच. आया अंगणवाडीत येतातच. फक्त आहाराचं पाकीट हातात देऊन त्यांना लगेच घरी पाठवायचं नाही.

बरं, तो खुळखुळा. झाकणावर चिकटपट्टीचे दोन वेढे जास्तच द्या. चिंचोका सुटला तर पोर तो आधी तोंडात घालतं. नमस्कार.