किल्लारीनंतर गवंड्याला प्रश्न विचारणाऱ्या बायका

नमस्कार मंडळी. "धीर धरा, सगळं ठीक होईल" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. सांगणारा सांगून मोकळा होतो, आणि ऐकणाऱ्यानं काय करायचं? बसून राहायचं. धीर खरंच येतो तेव्हा तो कुठून येतो, हे बघायला आज जाऊया लातूर-धाराशिवकडे, 1993 सालात.

[पडद्यावर नकाशा: किल्लारी, सास्तूर]

29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावं उशिरा झोपली. 30 तारखेला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. सरकारी नोंदीनुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. एवढी का? मराठवाड्यातलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. दगड-मातीची दोन-अडीच फूट रुंद भिंत, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर दिलेलं सपाट छत. दिसायला भक्कम, पण भिंतीत आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन वेगळे थर, मधे भर. हादरा बसला की दोन्ही थर सुटतात आणि माळवदाची सगळी माती झोपलेल्या माणसांवर येते.

त्यानंतर लोकांनी दगडाची धास्तीच घेतली. उभ्या राहिलेल्या घरातही कुणी झोपेना. बाहेर पत्र्याचं शेड टाकून त्यात संसार.

पुनर्वसन दोन प्रकारे झालं. जी गावं पार कोसळली, ती नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, ओळीत घरं. शेतीच्या प्रमाणात 250 ते 750 चौरस फुटांचं घर. कागदावर नीटनेटकं, पण जुनी गल्ली मोडली. ओट्यावरून हाक मारली की उत्तर देणारी शेजारीण आता चार रस्ते पलीकडे. माझं स्पष्ट मत आहे, घर बांधणाऱ्यांनी माणसांच्या बसण्या-उठण्याच्या जागा मोजल्याच नाहीत.

दुसरा प्रकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बाराशेच्या आसपास गावांत घरं तडकली होती, पण उभी होती. तिथं सरकारनं हप्त्याहप्त्यानं पैसे द्यायचे आणि मालकानं स्वतः घर मजबूत करून घ्यायचं. लोकांचा विश्वासच बसेना. "या दगडावर परत पैसा घालायचा?" मग या कामात लोकांना सामील करून घ्यायला प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था आली आणि गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं.

[जवळून: भिंतीचं कापलेलं चित्र]

आता यांना काय शिकावं लागलं ते बघा. माळवदावरची माती कमी करायची. भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. लाकडी खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्यायचे. हे घरोघरी समजावायचं आणि इंजिनिअर आला की त्याच्यासमोर उभं राहून बोलायचं. जिथं सासऱ्यासमोर पदर सावरून गप्प बसायची पद्धत, तिथं बाई गवंड्याला विचारते, "सिमेंट इतकं कमी का?" सगळ्यांनी ऐकलं असं नाही हं. बऱ्याच जणांनी जुन्या घराला हात न लावता त्याच पैशांत शेजारी नवी खोली काढली. तेही मला समजतं.

मंडळी, या बायकांचं दुःख कुणी कमी केलं नव्हतं. पण सकाळी उठून कुणाच्या तरी दारात जायचं होतं. आणि दारात गेलं की आधी रडणं व्हायचंच, मग भिंतीचा विषय निघायचा.

पुढे 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं. लातूरकडच्या बायका तिकडे गेल्या. भाषा गुजराती, ओळख ना पाळख. पण ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या बाईला "आमचंही असंच गेलं होतं" हे सांगायचा हक्क त्यांना होता, तो अधिकाऱ्याला कुठून असणार? त्सुनामीनंतर लातूर आणि गुजरातच्या बायका तमिळनाडूतही पोचल्या.

इकडे बचत गट वाढत गेले. नंतर दुष्काळात याच संस्थेच्या बायकांनी घरात एक मागणी घातली: मला एक एकर रान द्या, त्यात काय पेरायचं ते मी ठरवणार. ज्वारी, तूर, मूग, पालेभाज्या. आधी घरात खायचं, उरलं ते बाजारात. नवऱ्याकडून एक एकर मागून घेणं इंजिनिअरशी बोलण्यापेक्षा अवघड असतं, हे शेतकऱ्याच्या घरातल्यांना मी सांगायची गरज नाही! या कामाला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'इक्वेटर पुरस्कार' मिळाला.

लातूर-धाराशिवची मंडळी, तुमची आई, मावशी, आत्या तेव्हा संवाद सहायक होती का? असेल तर भिंतीला भोक पाडायला गावात पहिलं घर कुणी दिलं, तेवढं तिला विचारा आणि खाली लिहा.