कथलाचा सांधा: प्रॅक्टिकलच्या पिवळ्या साक्यापासून चिपपर्यंत

(टेबलावर टेस्ट ट्यूबचा स्टँड. थेट कॅमेऱ्याकडे बघत.)

सायन्सला असताना सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे अनोळखी क्षारात काय आहे ते ओळखण्याचं प्रॅक्टिकल, ज्यांनी केलंय, त्यांना ही टेस्ट आठवत असेल. फॉस्फेटचा संशय आला की काँक (म्हणजे तीव्र) नायट्रिक ॲसिड, अमोनियम मॉलिब्डेट, जरा गरम करायचं... आणि हे बघा. कॅनरी यलो पीपीटी, म्हणजे तळाशी बसणारा पिवळा साका! जर्नलमध्ये 'फॉस्फेट कन्फर्म्ड' लिहायचं, ट्यूब धुवायची, पुढे चालू. ट्यूबमध्ये नेमकं काय तयार झालं, ते व्हायव्हातही कुणी विचारत नाही.

(ट्यूब कॅमेऱ्याजवळ.)

या पिवळ्या साक्यात एकसारखे गोळे आहेत. मधोमध फॉस्फरसचा एकच अणू, त्याला चिकटलेले चार ऑक्सिजन, आणि सभोवती मॉलिब्डेनमचे बारा अणू. एकूण ऑक्सिजन चाळीस. सगळा मिळून व्यास साधारण एक नॅनोमीटर. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने १८२६ साली हा साका नोंदवला होता, पण आतली रचना कळायला शंभरावर वर्षं गेली. मँचेस्टरच्या केगिनने १९३३ मध्ये याचाच टंगस्टनवाला भाऊ (मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन) घेतला आणि एक्स-रेने उलगडून दाखवला. म्हणून याला केगिन रचना म्हणतात. योगायोग बघा, त्याच वर्षी आपल्या मुंबईत यूडीसीटी सुरू झालं, म्हणजे विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, आजचं माटुंग्याचं आयसीटी. पुढे तिथेच प्रा. गणपती यादव यांच्या प्रयोगशाळेत या टंगस्टनवाल्या गोळ्याचं सीझियम सॉल्ट चिकणमातीच्या छिद्रांत बसवून त्याचा घन ॲसिड कॅटॅलिस्ट (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून वापर झाला.

आता मुद्द्यावर येतो. मटेरियल बनवायचं म्हणजे सहसा ऑक्साइडची पावडर भट्टीत घालायची आणि अणू आपापल्या जागी बसतील तसे बसू द्यायचे. अशा गोळ्यांना क्लस्टर म्हणतात, आणि क्लस्टरवाले उलट मार्गाने जातात. मेट्रोच्या पुलाचे सेगमेंट यार्डात ओतून तयार करतात आणि जागेवर आणून नुसते जोडतात ना, तसं. तुकडा आधी पक्का, मग जोडणी. अडचण एवढीच की हे गोळे बाहेरून सगळीकडे ऑक्सिजनने मढलेले आहेत, वर निगेटिव्ह चार्ज. त्यांना धरायचं कुठे?

इथे येतं कथील. हो, तेच. पायधुनीला तांबाकाट्यावर पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई करतात, ते.

टंगस्टनच्या गोळ्याचं द्रावण बेताने कमी आम्लधर्मी केलं, की बारांपैकी एक टंगस्टन निसटतो. गोळा कोसळत नाही, त्याला एक खाच पडते. त्या खाचेच्या काठावर पाच ऑक्सिजन मोकळे असतात. आता कथलाचा असा अणू आणा ज्याला एका बाजूने कार्बनची साखळी जोडलेली आहे. तो खाचेत जाऊन बसतो: पाच हात ऑक्सिजनकडे, सहावा कार्बनकडे. टंगस्टनलाही सहाच शेजारी होते, त्यामुळे जागा बरोबर भरते. चार्जचा हिशोबही चोख, गोळ्याचे उणे सात, कथलाचे अधिक तीन, उरले उणे चार.

कथीलच का? कारण कथील आणि कार्बन यांचा बंध पाण्याने सहजी तुटत नाही. एकाच अणूचा एक पाय ऑक्साइडमध्ये, दुसरा सेंद्रिय रसायनात, आणि दोन्हीकडे घट्ट. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. त्या साखळीच्या टोकाला बेंझिनची रिंग आणि तिच्यावर आयोडिन ठेवलं, की पुढे कार्बन-कार्बन जोडणीची नेहमीची रिॲक्शन वापरून एक गोळा दुसऱ्याला बांधता येतो. (कार्बन जोडलेल्या याच चिवट कथलाचा, म्हणजे ऑरगॅनोटिनचा, एक प्रकार पूर्वी जहाजांच्या तळाच्या रंगात घालायचे. शंखशिंपल्यांची वाट लागली आणि २००८ पासून जगभर बंदी आली. तेव्हा हातमोजे हवेतच.)

आता चिप. सर्वांत बारीक चिपवर रेषा उमटवतात १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने. तो प्रकाश मुळात वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर लेझर मारून काढतात, सेकंदाला सुमारे ५०,००० थेंब! आणि वेफरवर, म्हणजे चिपच्या सिलिकॉन चकतीवर, रेषा उमटवायला जो प्रकाशसंवेदी थर देतात, त्याचा एक नवा प्रकारही कथलाचाच: बारा कथील, ऑक्सिजनने जोडलेला पिंजरा, बाहेर प्रत्येक कथलावर ब्युटिलची साखळी. कथील हा प्रकाश भरपूर शोषतं. प्रकाश पडला की कथील-कार्बन बंध तुटतो, साखळी उडून जाते, शेजारचे पिंजरे ऑक्सिजनमार्फत एकमेकांत गुंततात आणि तेवढा भाग सॉल्व्हंटमध्ये विरघळेनासा होतो. बाकीचं धुऊन टाकायचं. पाण्याला दाद न देणारा बंध इथे मुद्दाम तोडायचा असतो.

(दुसरी ट्यूब. स्टॅनस क्लोराइडचे, म्हणजे कथलाच्या क्लोराइडचे, दोन थेंब.)

जाता जाता हेही बघून घ्या. या ट्यूबमध्ये फॉस्फेट अगदी नावापुरतं, म्हणून साका दिसत नाही, नुसती पिवळसर झाक. थेंब पडले... निळं! गोळा मोडलेला नाही. कथलाने इलेक्ट्रॉन दिले, ते मॉलिब्डेनममध्ये जाऊन फिरू लागले, त्याचा हा रंग. पाण्यातलं फॉस्फेट मोजायला लॅबमध्ये हाच निळा ६९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. पवई तलावात जलपर्णी माजते ती सांडपाण्यातून येणाऱ्या अशाच खतपाण्यावर.

घरी करून बघू का, असं विचारणार असाल तर नको, नायट्रिक ॲसिड घरात नको. कॉलेजच्या लॅबमध्ये करा. स्टॅनस क्लोराइड थेट पाण्यात टाकलंत तर दुधासारखं होईल, आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवा, मग पाणी. आणि बाटलीत कथलाचे एकदोन खडे टाकून ठेवा. हवेने खराब झालेलं स्टॅनस क्लोराइड ते खडे परत जाग्यावर आणतात, बाटली बरेच दिवस चालते.