काजूचा चीक आणि टी पेशीची ओळख

मंडळी, वेंगुर्ल्याच्या बाजारात ओले काजूगर विकणाऱ्या मावशींचे हात कधी नीट पाहिलेत? बोटांची टोकं काळी, कातडीचे पापुद्रे सुटलेले. बी फोडताना हाताला राख चोळतात, तरी टरफलातला चीक लागतोच. हा चीक कातडी भाजतो, आणि ती कोणाचीही भाजेल. मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल, उतण्याबद्दल, म्हणजे चीक लागल्यावर दिवस-दोन दिवसांनी उठणाऱ्या खाजऱ्या फोडांबद्दल.

माझ्या आत्येला पहिल्या हंगामात भाजण्यापलीकडे काही झालं नाही. पुढच्या वर्षी चारच बिया फोडल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मनगटावर जिथे चिकाचा ओघळ आला होता तिथे, पाण्याने भरलेले फोड उठले. रात्रभर खाज. चीक तोच, हातही तोच. मधल्या काळात तिच्या शरीराने त्याला ओळखून ठेवलं होतं.

कसं ओळखलं? चिकातले कार्डॉल, अनाकार्डिक आम्ल हे रेणू इतके लहान असतात की एकटे असताना प्रतिकारसंस्था त्यांची दखल घेत नाही. पण ते त्वचेत मुरून आपल्याच प्रथिनांना चिकटतात. रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांनी अशा रेणूंना 'हॅप्टेन' नाव दिलं. त्वचेतल्या पहारेकरी पेशी ती डागाळलेली प्रथिनं गिळतात, त्यांचे तुकडे करतात आणि काखेतल्या गाठीकडे निघतात. हाताची जखम चिघळली की काखेत अवधाण येतं ना, तीच गाठ. तिथे एमएचसी नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत तुकडा मांडून टी पेशींना, म्हणजे प्रतिकारसंस्थेतल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, दाखवला जातो. टी पेशीला सुटी वस्तू सहसा ओळखताच येत नाही; खोबणी आणि तुकडा अशी जोडीच तिला कळते. अशी जोडी लागते हे झिंकरनागेल आणि डोहर्टी या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दाखवलं.

कोळंबीचं याहून निराळं. ती ज्यांना सोसत नाही त्यांचे ओठ काही मिनिटांत सुजतात, कारण तिथे प्रतिपिंडं, म्हणजे परक्या वस्तूला चिकटणारी रक्तातली प्रथिनं, आधीच तयार असतात आणि ती कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाला थेट पकडतात. शिजवूनही ते प्रथिन टिकून राहतं. काजूच्या उतण्याला दिवस-दोन दिवस लागतात, कारण तिथे पेशींना स्वतः चालत यावं लागतं. 1942 मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी उतलेल्या गिनीपिगच्या पेशी दुसऱ्या गिनीपिगला टोचल्या, तेव्हा तोही उतू लागला. नुसत्या रक्तद्रवाने ते होत नव्हतं.

आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. काजू ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेला. मग त्याला ओळखणारी पेशी आमच्या अंगात आली कुठून? ती आधीपासूनच होती. टी पेशी घडताना जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि प्रत्येकीला वेगळा ग्राही, म्हणजे ओळख पटवणारं प्रथिन, मिळतो. ज्यांचा ग्राही आपल्याच प्रथिनांना घट्ट धरतो, त्यांतल्या बहुतेक थायमस ग्रंथीत मारल्या जातात. उरलेल्या कोट्यवधी पेशी, काहीही न पाहता घडलेल्या, वाट पाहत फिरतात. एखादीला खोबणीतला तुकडा जुळला की ती वाढते, तिच्या हजारो प्रती होतात, आणि त्यांतल्या काही वर्षानुवर्षं टिकतात. आत्येचं दुसरं वर्ष ते हेच.

त्या पेशीला झाड मात्र ठाऊक नसतं, फक्त आकार ठाऊक असतो. आंबा, बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, त्यांच्या चिकातले रेणूही मिळतेजुळते. आत्या हापूस खाते, पण देठ काढून फळ धुऊन द्यायचं काम आजही काका करतात.