हाकेला ओ

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘पालकांचा प्रतिसाद आणि बाळाचा मेंदू’. मेंदूकडे मी येणारच आहे, पण आधी एका छोट्या शब्दाकडे बघू या. ओ. पूर्वी आई गॅलरीतून हाक मारायची आणि आपण मैदानातून ‘ओ’ द्यायचो. दिली नाही तर पुढे काय व्हायचं, ते इथल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांच्या पाठीला आठवत असेल! आज दिशा उलटी आहे. हाक तीन महिन्यांच्या बाळाची आणि ओ आपली.

बाळाची हाक म्हणजे नुसतं रडणं नाही. ते हुंकार देतं, तुमच्या डोळ्यांकडे टक लावून बघतं, पंख्याकडे पाहून पाय झाडतं. ‘पंखा फिरतोय होय रे?’ असं आजी म्हणाली की ओ दिली गेली. न्हाऊ घालणाऱ्या मावशी अंग चोळताना ‘झालं हं, झालं माझ्या राजाचं’ म्हणत असतात, तीही ओच.

आता माझं एक जुनं दुखणं सांगते. माझी मुलगी झाली तेव्हा मी बालरोगाचंच शिक्षण घेत होते. प्रसूतिगृहात दुसऱ्या रात्री ती रडायला लागली, मी हात पुढे केला, तर तिथल्या अनुभवी बाईंनी तो धरला. ‘उचलू नका. हाताची सवय लागेल, मग बसाल रात्रभर घेऊन.’ शिकलेली असून मी ऐकलं. घड्याळाकडे बघत बसले. अकरा मिनिटांनी ती गप्प झाली आणि बाई म्हणाल्या, ‘बघा, कळलं तिला.’ काय कळलं असेल हो दोन दिवसांच्या जिवाला? हे ‘सवय लागेल’ मी पुढे कळव्याच्या माझ्या दवाखान्यात सासवांकडून, नवऱ्यांकडून, खुद्द आयांकडून आजतागायत ऐकत आले आहे, आणि दरवेळी मला तितकाच राग येतो.

१९७२ साली सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी बाल्टिमोरमधल्या २६ बाळांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. ज्या आया सुरुवातीच्या महिन्यांत रडण्याला चटकन धावल्या, त्यांची बाळं पहिल्या वर्षाच्या अखेरीला कमी रडत होती. हातवारे आणि निरनिराळे आवाज करून आपलं म्हणणं मांडत होती. अभ्यास छोटा होता, त्यावर पुढे वाद झाले, हेही सांगायला हवं. पण दवाखान्यात माझ्या नजरेला येतं ते याच्याशी जुळतं.

आता सगळ्यांनी माझ्यामागून म्हणा: ताक. टाक. मागच्या रांगेतून आवाज येत नाहीये! पुन्हा. ताक. टाक. किती सोपं! आईनं पहिलं म्हटलं की आपण वाटी पुढे करतो, दुसरं म्हटलं की हातातलं टाकतो. इंग्रजी घरात वाढलेल्या मोठ्या माणसाला मात्र हे त आणि ट सहसा वेगळे ऐकूच येत नाहीत. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या बाळांना हिंदीतले हेच दोन वर्ण ऐकवले. आवाज बदलला की मान वळवायची, खेळणं दिसतं, एवढाच खेळ. सहा ते आठ महिन्यांची इंग्रजी घरातली बाळं बरोबर मान वळवत होती! दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत मात्र ते जमणारी फार थोडी उरली. ज्या वाटेनं कुणी येत-जात नाही, ती मेंदू बुजू देतो.

त्यापुढचा प्रयोग मला फार आवडतो. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांसमोर मँडरिन, म्हणजे चिनी भाषा बोलणारी माणसं बसवली. ती बाळांशी खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली, अशा १२ बैठका. त्या भाषेतले उच्चार बाळांना ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. त्यांना काही आलं नाही. भरवताना मोबाईल पुढे धरणाऱ्यांना मी हेच सांगते. मोबाईल अखंड बोलतो, पण ओ देत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. मेंदूसाठीच ती राखते.

पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या होतात. गरजेपेक्षा जास्त होतात, मग वापरातल्या पक्क्या होतात आणि बाकीच्या गळतात. हाक, ओ, पुन्हा हाक, या फेऱ्यांनी वापर घडतो. वारंवार ओ मिळालीच नाही, तर तणावाची रसायनं शरीरात चढी राहतात. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात आयांना दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायला सांगितला होता. बाळ हसून बघतं, आवाज काढतं, हात पसरतं, आणि मग तोंड फिरवतं. आई पुन्हा बोलू लागली की हळूहळू परत येतं. म्हणून एखादी हाक चुकली तर आयांनो, जिवाला लावून घेऊ नका. पुढच्या हाकेला ओ द्या.

जमैकात १९८६-८७ पासून खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी राहिलेल्या मुलांच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला कार्यकर्त्या गेल्या आणि मुलांशी खेळायचं कसं, ते त्यांनी आयांना दाखवलं. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतर खुरटलेल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त भरली.

आणि आता मला खरं जे म्हणायचं होतं ते. बाळंतपणाची पगारी रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली. म्हणजे सहा महिने. त आणि टचा निकाल लागतो पुढच्या सहा महिन्यांत, तेव्हा आई ठाणे स्टेशनात फास्ट लोकलच्या दारात लटकलेली असते. दिवसभराची ओ आजीकडे, नाहीतर पाळणाघराच्या मावशीकडे. पाळणाघर बघायला गेल्यावर आपण विचारतो एसी आहे का, कॅमेरा आहे का. अहो, एका मावशीकडे किती तान्ही आहेत ते विचारा! हात आणि तोंड मोकळं असेल तरच ती ओ देणार. आणि संध्याकाळी बाळ आणायला गेलात की जेवलं का, झोपलं का, यावर थांबू नका. आज कशाकडे बघून हुंकारत होतं, तेही त्यांना विचारा.