दांडीवरची शेवटची ओढ

(सुरुवातीला फक्त लाटा आणि लांबून येणारा माणसांचा गलका. मग निवेदन.)

मे महिन्याची अखेर. मालवणचा दांडी किनारा. किल्ल्यावर माणसं नेणाऱ्या होड्या थांबल्यात, पॅराशूटं गुंडाळून झालीत, भेळेच्या गाडीवर प्लॅस्टिक चढलंय. महिनाभर पाहुण्यांचा असलेला किनारा आता गावाच्या वाट्याला आलाय. हे कुटुंब इथलंच, घरापासून चालत आलंय. सोबत मुंबईहून सुट्टीला आलेली लेक, जावई, नातवंडं. परतीची तिकिटं काढलेली आहेत, म्हणून समुद्रावरची ही शेवटची फेरी. चटई, लाडवांचा डबा, पाण्याच्या बाटल्या आणि हवा कमी झालेली एक टायर.

समोर सिंधुदुर्ग. किनाऱ्यावरच्या ‘मोरयाचा धोंडा’ या खडकापाशी पूजा होऊन २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचं काम सुरू झालं. पण आत्ता किल्ल्याकडे कोणाचंच लक्ष नाही. सगळे बघतायत ती लाटांवर चढणारी होडी.

ही रापण. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात राहतो. होडी जाळं सोडत सोडत आत जाते, मोठं अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक घेऊन बऱ्याच अंतरावर पुन्हा वाळूला लागते. जाळ्याच्या वरच्या कडेला तरंगणारे गोळे, खालच्या कडेला वजनं. म्हणजे पाण्यात एक उभी भिंतच तयार होते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि ओढ सुरू होते. पाय वाळूत रुतवायचे, अंग मागे टाकायचं, एक पाऊल मागे. रांगेच्या शेवटी पोहोचलेला माणूस दोर सोडतो आणि पुढे, पाण्याजवळ जाऊन पुन्हा धरतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत राहतात. घाई करून चालत नाही, एक बाजू पुढे गेली तर जाळं तिरकं होतं. वरचे गोळे बघून म्हातारे रापणकर ओरडून सांगतात, कुठे थांबायचं, कुठे जोर लावायचा. इंजिन नाही, यंत्र नाही. मासा किनाऱ्याजवळ आला तरच मिळणार. त्याच्या मागे खोल समुद्रात धावायचं, हे रापणीच्या रीतीतच नाही.

(ओढीचा आवाज काही वेळ तसाच राहू द्यावा.)

जावयांनी चपला काढल्या. पाठोपाठ मुलंही दोराला.

“हातान नको रे झिला, आंगान ओढ!”

झील, म्हणजे पोरगा, अंगाने ओढायला जातो आणि वाळूत बसतो.

आता जाळं उथळ पाण्यात आलंय. पाणी आधी गढूळ होतं, मग चमकायला लागतं. तारली, पेडवे, मूठभर बांगडे, एखाददुसरा खेकडा. आजी पदर खोचून केव्हाच पाण्यात उतरली आहे. “पेडवे हंयसर, बांगडे थंयसर.”

नातू विचारतो, “आजी, हे सगळे आपले?”

“नाय रे. सगळ्यांचे.”

आणि ते अक्षरशः खरं आहे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, राबणाऱ्यांचे वाटे. शिवाय ज्याने दोराला हात लावला, त्याच्या घरी कालवणापुरती मासळी जातेच. मुंबईच्या जावयालाही पिशवी मिळाली.

खोल पाण्यात अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली. तरीही किनाऱ्याला येणारी मासळी घटली, आणि रापणीही कमी होत गेल्या.

१ जूनपासून यांत्रिक नौकांना बंदी. रापणीच्या बिनइंजिनाच्या होडीला तो नियम लागू नाही, पण पावसाळ्यातला हा समुद्र तिला आत घेत नाही. म्हणून आजच तीही वर चढवायची. खाली लाकडी ओंडके, दोन्ही कडांना खांदे, मागचा ओंडका काढून पुन्हा पुढे. ते पळत नेऊन टाकायचं काम मुलांकडे. इथेही रापणीसारखंच, जो समोर असेल तो हात लावतो. होडी माडांखाली पोहोचली की तिच्यावर विणलेल्या झावळ्यांची झापं चढतील आणि ती उतरेल नारळी पौर्णिमेनंतर. मुलं तेव्हा शाळेत असतील.

किल्ल्यामागे ढग जमलेत. चटई झटकली जाते, टायर डोक्यावर चढते. आजी पिशवीत डोकावून विचारते, “पेडवे कोण साफ करतला?”

दोर ओढायला सगळे होते. ह्या कामाला कोणी पुढे येत नाही.